चाळीस आठवड्यांचा पिवळा तुकडा: २००० सालच्या टँटॅलम टंचाईचं प्रकरण

२००० सालच्या उन्हाळ्यात मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात खरेदी बघत होतो. भट्ट्यांना लागणारे तापमान नियंत्रक आम्ही बनवायचो, महिन्याला हजारेक बोर्ड. प्रत्येक बोर्डवर दोन पिवळे टँटॅलम कपॅसिटर, म्हणजे टँटॅलम या धातूपासून बनलेले, विजेचा भार साठवणारे तुकडे. संपत आले की लॅमिंग्टन रोडच्या शेठला फोन करायचा, चार दिवसांत कुरिअरनं रीळ हजर. त्या वर्षी मे महिन्यात फोन केला तर शेठ म्हणाले, "साहेब, टँटॅलम ऍलोकेशनवर गेलंय. मला मिळालं तर तुम्हाला."

ऍलोकेशन म्हणजे कुणाला किती माल द्यायचा हे बनवणारी कंपनी ठरवणार आणि आपण रांगेत उभं राहायचं. अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडे विचारलं तर एरवी आठ-दहा आठवड्यांचा लीड टाइम (ऑर्डर टाकल्यापासून माल हातात पडेपर्यंतचा वेळ) आता चाळीस आठवडे झालेला. मग मी तेच केलं जे कुठलाही खरेदीवाला करतो. हवे होते सहा हजार नग. तीन ठिकाणी सहा-सहा हजारांच्या पीओ, म्हणजे खरेदीच्या लेखी ऑर्डरी, टाकल्या. जो आधी देईल त्याचा माल घ्यायचा, उरलेल्या दोन पीओ नंतर गोड बोलून रद्द करायच्या. मालक म्हणाले, "हुशार आहेस रे." मलाही तसंच वाटलं.

पुढे वर्षभरात या धातूचं जे झालं ते धंद्यातली मंडळी अजून काढतात. मला त्यात रस आहे तो एवढ्यासाठी, की त्या वर्षी जगभर उसळलेली टँटॅलमची मागणी बऱ्याच अंशी माझ्यासारख्यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पीओंची होती. आणि ज्या भावाला सगळे घाबरले तो भाव बाजारातल्या उरल्यासुरल्या मालाचा होता.

तुकड्याच्या आत

आधी तो पिवळा तुकडा नीट बघू. सात मिलिमीटर लांब, चारेक मिलिमीटर रुंद. वर १०७ आणि १६ असे आकडे छापलेले, एका टोकाला पट्टी. १०७ म्हणजे दहापुढे सात शून्यं, पिकोफॅरड या साठवणक्षमतेच्या एककात. सरळ भाषेत १०० मायक्रोफॅरड. १६ हे व्होल्ट. पट्टीनं नवशिक्यांना फार रडवलं आहे. ऍल्युमिनियमच्या डबीसारख्या कपॅसिटरवर पट्टी असते मायनसच्या बाजूला, टँटॅलमवर प्लसच्या. सवयीनं उलटा लावला तर टँटॅलम नुसता खराब होत नाही, ठिणगी टाकून पेटतो. आमच्या टेस्टिंगच्या टेबलावर असे दोन काळे डाग कायमचे होते.

पक्कडीनं तो फोडला की आत करडी, सच्छिद्र वडी दिसते. टँटॅलमची बारीक भुकटी दाबायची, मध्ये टँटॅलमचीच तार खोचायची आणि निर्वात भट्टीत कण एकमेकांना चिकटतील इतपत भाजायचं. हा धातू वितळतो ३,००० अंश सेल्सिअसच्याही वर, तेव्हा भट्टीही तशीच लागते. भाजून तयार होतो तो धातूचा स्पंज. चांगल्या भुकटीच्या एका ग्रॅमचं आतलं पृष्ठफळ एक चौरस मीटरच्या आसपास भरतं, म्हणजे बाळाच्या दुपट्याएवढं. मग ही वडी आम्लाच्या द्रावणात बुडवून वीज सोडायची. धातूवर ऑक्साइडचा काचेसारखा थर चढतो, व्होल्टमागे जेमतेम दोन नॅनोमीटर. हा थरच कपॅसिटरमधला विद्युतरोधक. थर चढवताना वीज छापील व्होल्टच्या तीन-चार पट देतात, म्हणून सोळा व्होल्टच्या तुकड्यात तो साधारण शंभर नॅनोमीटरचा असतो; केसाची जाडी याच्या कित्येक शेकडा पट. त्यावर मँगनीज डायऑक्साइड, ग्रॅफाइट, चांदीचा लेप आणि शेवटी पिवळं एपॉक्सी. उलट वीज लागली की थर फुटतो, मँगनीज डायऑक्साइड तापून ऑक्सिजन सोडतं आणि टँटॅलम जळतं. टेबलावरच्या डागांचं रसायनशास्त्र हे असं.

हा थर एकदा नीट बसला की वर्षानुवर्षं हलत नाही. टँटॅलमच्या बहुतेक सगळ्या गुणांचं मूळ याच थरात आहे. हायड्रोक्लोरिक आम्लात, अगदी सोनं विरघळवणाऱ्या अम्लराजातही टँटॅलम ढिम्म बसून राहतं; हायड्रोफ्लोरिक आम्ल तेवढं त्याला खातं. स्वीडनमधल्या उप्साला इथे आंडर्स एकेबर्गनं १८०२ साली हा धातू शोधला, तेव्हा आम्लात उभं असूनही आम्ल न पिणाऱ्या या पदार्थाला त्यानं नाव दिलं ग्रीक पुराणातल्या टँटॅलसचं. तो गळ्यापर्यंत पाण्यात उभा, पण प्यायला वाकला की पाणी ओसरतं. त्याच्यासारखाच चिवट जुळा धातू वर्षभर आधी सापडला होता, त्याला पुढे टँटॅलसच्या मुलीवरून नायोबियम म्हणाले. खनिजात हे दोघं इतके मिसळलेले असतात, की ते वेगळे आहेत की एकच यावर रसायनशास्त्रज्ञांनी पन्नासेक वर्षं वाद घातला. काँगोत त्या मिश्र खनिजाला कोल्टन म्हणतात, कोलंबाइट आणि टँटॅलाइट जोडून. कोलंबियम हे नायोबियमचं जुनं नाव.

एका सेंटचा हिशेब

आता टंचाईकडे. आमच्या त्या तुकड्यात टँटॅलम असतं ढोबळ एक दशांश ग्रॅम. खनिजाचा भाव सांगतात पौंडामागे, आणि तोही खनिजाच्या वजनावर नाही, तर त्यातल्या टँटॅलम पेंटॉक्साइडच्या वजनावर. १९९९ मध्ये तो ३०-४० डॉलरच्या घरात होता. चाळीस धरा. पेंटॉक्साइडमध्ये ८२ टक्के धातू असतो, त्यावरून एका तुकड्यातलं खनिज पडतं साधारण एका सेंटला. २००० साली खुल्या बाजारातला भाव २०० डॉलरच्या पुढे गेला. म्हणजे तुकड्यामागे सहा सेंटच्या आत. फोनमध्ये असे दहा तुकडे धरले (बहुतेक याहून लहानच असतात), तरी खर्च वाढला पन्नास सेंट. फोन विकला जातो शेकडो डॉलरना. फोनवाला पन्नास सेंटसाठी लाइन बंद ठेवेल का? तो म्हणणार, भाव काय लावायचा तो लावा, माल आणा. भाव पाचपट झाला तरी मागणी कमी होत नाही, याचं कारण एवढंच. टँटॅलम महाग आहे की स्वस्त, याकडे ते अडेपर्यंत कुणी बघतही नाही.

आणि बदली माल लगेच मिळत नाही. सिरॅमिक कपॅसिटर त्या काळी एवढ्या क्षमतेत सहज येत नसत. ऍल्युमिनियमचे आकारानं मोठे आणि उष्णतेत सुकणारे. बोर्डचं डिझाइन बदलायचं म्हणजे पुन्हा चाचण्या, पुन्हा मंजुऱ्या.

बाजार नसलेला बाजार

तांब्याचा भाव लंडनच्या मेटल एक्स्चेंजवर रोज लागतो. टँटॅलमला असा फळा नाही. दलाल आणि व्यापारी यांच्यातले काही सौदे धंद्याच्या पत्रिका विचारून छापतात, तोच भाव. खरा माल जातो तो लांब मुदतीच्या करारांतून. तेव्हा जगातलं मोजलं गेलेलं निम्म्याच्या आसपास टँटॅलम पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रीनबुशेस आणि वोडजिना या दोन खाणींतून निघे. दोन्ही खाणी सन्स ऑफ ग्वालिया नावाच्या एका कंपनीच्या. (नावावरून आपल्याला ग्वाल्हेर आठवतं, पण ग्वालिया हे वेल्सचं जुनं नाव. या नावाच्या मूळ सोन्याच्या खाणीवर तरुण हर्बर्ट हूवर व्यवस्थापक होता, जो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.) ही कंपनी आपला माल ठरल्या भावात अमेरिकेच्या कॅबटला आणि जर्मनीच्या एच. सी. स्टार्कला देई. ते दोघं भुकटी बनवून केमेट, एव्हीएक्स, विशे अशा कपॅसिटरवाल्यांना विकत.

म्हणजे मुख्य पाइपात पाणी ठरल्या दरानं वाहत होतं. ज्यांना आणखी हवं होतं त्यांच्यासाठी बाहेर उरलेला प्रवाह बारीक, आणि २००० साली सगळे त्याच नळावर हंडे घेऊन आले. मोबाइल आणि इंटरनेटची लाट होती. २००० साली जगात ४१ कोटींवर मोबाइल विकले गेले आणि पुढच्या वर्षी किती विकणार याचे अंदाज पन्नास कोटींच्या वर चालले होते. फोनवाल्यांनी कपॅसिटरवाल्यांकडे दुप्पट ऑर्डर टाकल्या, कपॅसिटरवाल्यांनी भुकटीवाल्यांकडे, भुकटीवाल्यांनी खनिजाच्या व्यापाऱ्यांकडे. प्रत्येक पायरीवर कुणीतरी माझ्यासारखा हुशार बसलेला होता.

हे पहिल्यांदा होत होतं असंही नाही. १९८० च्या सुमारास भाव असाच शंभर डॉलरच्या पुढे गेला होता. तेव्हा थायलंडच्या कथलाच्या भट्ट्यांची जुनी मळी लोक उकरत होते, कारण तिच्यात टँटॅलम होतं. त्या लाटेतून फुकेतमध्ये टँटॅलमचा कारखाना उभा राहिला. १९८६ च्या जूनमध्ये, सुरू होण्याआधीच, प्रदूषणाला घाबरलेल्या जमावानं तो जाळला. तोवर भाव केव्हाच खाली आला होता. पण वीस वर्षांपूर्वीचा हा धडा खरेदी खात्यात कोण लक्षात ठेवतो? माझ्याआधी त्या खुर्चीत बसणाऱ्यालाही ठाऊक नसेल.

किवूच्या डोंगरात

बारीक नळाचं एक तोंड पूर्व काँगोत होतं. १९९८ पासून तिथे युद्ध चालू होतं. उत्तर आणि दक्षिण किवू हे प्रांत रवांडाच्या पाठिंब्यावरच्या आरसीडी-गोमा या बंडखोर गटाच्या ताब्यात होते. तिथल्या डोंगरांत कोल्टन पृष्ठभागाजवळ मिळतं. फावडं, पहार, टोपली एवढ्यावर काम चालतं. माती ओढ्यात काढलेल्या चरात टाकून ढवळायची. वाळू वाहून जाते आणि तिच्याहून दोन-तीन पट जड असलेले काळे दाणे तळाला बसतात. ते उन्हात वाळवायचे, पोत्यात भरायचे आणि डोक्यावर घेऊन वाट तुडवायची. खणणारा विकतो किलोवर. गोमा-बुकावू या शहरांतला व्यापारी पुढे विकतो त्यात टँटॅलम किती टक्के आहे त्यावर. आपल्या पोत्यात किती टक्के, हे खणणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. या साखळीत नाडला जाणारा कोण, हे वेगळं सांगायला नको.

तरीही भाव चढल्यावर शेतीच्या मानानं कमाई इतकी होती, की मसिसीच्या कुरणांतली, शेतांतली माणसं खाणींकडे गेली, शाळकरी पोरंसुद्धा. शेतं ओस पडली तसं धान्य महागलं. काहुझी-बिएगा राष्ट्रीय उद्यानात हजारो खणणारे शिरले. तिथल्या सखल भागात राहणारे गोरिले आणि हत्ती मांसासाठी मारले गेले. नोव्हेंबर २००० मध्ये बंडखोरांनी कोल्टन निर्यातीची मक्तेदारी सोमिग्ल नावाच्या एकाच कंपनीला दिली, किलोमागे दहा डॉलर कर लावून. व्यापाऱ्यांनी माल रवांडामार्गे वळवला आणि काही महिन्यांत ती मक्तेदारी गुंडाळावी लागली. एप्रिल २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळानं अंदाज मांडला, की रवांडाच्या सैन्यानं कोल्टनमधून अठरा महिन्यांत किमान २५ कोटी डॉलर मिळवले असावेत.

याच काळात 'जगातलं ८० टक्के कोल्टन काँगोत आहे' हा आकडा वर्तमानपत्रांत फिरू लागला. आजही मराठी लेखांतसुद्धा तो सापडतो. त्याला मोजणीचा आधार नाही. त्या वर्षी जगाला टँटॅलम पुरवणारा मोठा देश ऑस्ट्रेलिया होता. काँगोचं महत्त्व साठ्याच्या आकड्यात नव्हतं. ठरल्या करारांबाहेरचा माल, भाव चढताच दोन-तीन महिन्यांत वाढवता येईल असा, तिथे होता. ऑस्ट्रेलियात नवी खाण उघडायला वर्षं लागतात. किवूत फावडी लागतात.

उतार

२००१ सुरू होता होता इंटरनेट कंपन्या बसल्या. फोन आणि संगणकवाल्यांनी गोदामं उघडून पाहिली तर कपॅसिटर भरून वाहत होते. दुसऱ्या-तिसऱ्या पीओ जगभर रद्द होऊ लागल्या. गंमत बघा: २००१ साली मोबाइलची विक्री घटली ती जेमतेम तीन टक्क्यांनी, ४० कोटींच्या जरा खाली. आणि खुल्या बाजारात टँटॅलमचा भाव २०० डॉलरच्या वरून वर्षअखेर पुन्हा ३०-४० वर आला. मोबाइलबरोबर नेटवर्कची उपकरणं आणि संगणकही पडले हे खरं, तरी एवढी दरी खऱ्या गरजेनं भरत नाही. ती आमच्या कागदांनी भरली होती.

सर्वांत जास्त भाजले ते शहाणपणा करणारे. भाव शिखरावर असताना, पुन्हा माल अडायला नको म्हणून, कपॅसिटर कंपन्यांनी भुकटीवाल्यांशी चढ्या भावात अनेक वर्षांचे करार केले होते. बाजार कोसळला, करार राहिले. विशेला या बांधील खरेदीपोटी ताळेबंदात मोठा तोटा दाखवावा लागला. एव्हीएक्स आणि कॅबटचं भांडण मॅसॅच्युसेट्सच्या संघीय न्यायालयात वर्षानुवर्षं चाललं. माझ्या मते इथे कुणी लबाडी केली का, हा दुय्यम प्रश्न आहे. ज्या मालाला पारदर्शक भाव नाही, त्याचा पाच वर्षांचा भाव घाबरलेल्या महिन्यात ठरवला की हेच होणार.

ग्रीनबुशेसला मागणी पुरी करायला २००१ मध्ये भूमिगत खाण सुरू केली होती, ती पुढच्याच वर्षी बंद ठेवावी लागली. सन्स ऑफ ग्वालिया ऑगस्ट २००४ मध्ये सुमारे ८० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या देण्यांसह प्रशासकांच्या हाती गेली. तिला मुख्यतः सोन्याच्या आणि चलनाच्या वायद्यांनी बुडवलं, टँटॅलमवर ते खापर फोडणं चुकीचं ठरेल. पण वोडजिनाही २००८ च्या शेवटी थांबली आणि करारांचा तो जाड पाइप आटला. मध्य आफ्रिकेचा हातानं काढलेला माल, जो २००० साली उरलासुरला होता, तोच हळूहळू मुख्य पुरवठा झाला. आज काँगो आणि रवांडा मिळून जगातलं निम्म्याहून अधिक टँटॅलम देतात. ग्रीनबुशेस आणि वोडजिना आता गाजतात लिथियमसाठी, जे त्याच खडकांत पूर्वीपासून पडून होतं.

इंजिनियरांनीही धडा घेतला, आणि तो टिकला. सिरॅमिक कपॅसिटरचे थर पातळ होत गेले आणि टँटॅलमच्या कितीतरी जागा त्यांनी घेतल्या. भुकटी आणखी बारीक झाल्यानं तेवढ्याच क्षमतेला धातू कमी लागू लागला. बाकीच्या उद्योगांना या सगळ्याची झळ कमी बसली. जेट इंजिनाच्या पात्यांच्या मिश्रधातूत, कर्तन-हत्यारांच्या कार्बाइडमध्ये, आम्ल तापवणाऱ्या उष्णताविनिमयकांच्या अस्तरात आणि हाडांत बसवायच्या सांध्यांत टँटॅलम जातंच. चिपमध्ये तांब्याची तार सिलिकॉनमध्ये झिरपू नये म्हणून मध्ये टँटॅलमचा काही नॅनोमीटरचा पडदा असतो. तो नसता तर हा मजकूर तुमच्या पडद्यावर आला नसता.

काँगोच्या बाबतीत अमेरिकेनं जुलै २०१० मध्ये डॉड-फ्रँक कायद्याच्या १५०२ व्या कलमानं कंपन्यांना आपलं टँटॅलम, कथील, टंगस्टन आणि सोनं कुठून येतं हे जाहीर करायला लावलं. त्याच सप्टेंबरात काँगोच्या सरकारनं पूर्वेकडच्या तीन प्रांतांत खाणकामच सहा महिने बंद केलं आणि खणणाऱ्यांची चूल विझली. पुढे पोत्यांना क्रमांकाचे प्लास्टिक टॅग लावायची योजना आली. टॅग खरा आणि पोतं दुसऱ्याच डोंगराचं, हे प्रकारही आले. २०२४ मध्ये एम२३ या बंडखोर गटानं मसिसीतली रुबाया ही मोठी खाण घेतली. जगातल्या टँटॅलमचा सुमारे १५ टक्के हिस्सा तिथून येतो. त्या गटाला तिथल्या करांतून महिन्याला आठ लाख डॉलर मिळतात, असा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचा अंदाज होता. किलोमागे कर, सीमेपलीकडे रवांडा, तिथल्या मालात मिसळणारा माल: २००० सालचे कागद काढून शेजारी ठेवले तर फार थोडे शब्द बदलावे लागतील.

आमच्या कारखान्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. जास्त पैसे मोजून सहा हजार नग सप्टेंबरात मिळाले. एका डिस्ट्रिब्युटरनं पीओ रद्द करू दिली. दुसऱ्यानं नाही. "साहेब, तुमच्या कागदावर मी कंपनीला शब्द दिलाय," तो म्हणाला, आणि त्याचं चुकलं नव्हतं. २००१ च्या जूनमध्ये, भाव पडल्यानंतर, चढ्या दराची बारा रिळं भोसरीला उतरली. प्रत्येकात पाचशे नग. मालकांनी खोकी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि चहा मागवला. नव्या मागण्या आटलेल्या, त्यामुळे रिळं पडूनच राहिली, आणि दोन वर्षांनी नवा बोर्ड आला तो सिरॅमिकवर. जुन्या बोर्डांच्या दुरुस्तीला लागतील म्हणून ती कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवली. नोकरी सोडताना त्यातलं एक मी मागून घेतलं. परवा त्यातला एक तुकडा काढून मीटरवर लावला. ९८ मायक्रोफॅरड.